अंगठा लागलेला चाकू

बुऱ्हाणपूरच्या बुधवारा बाजारात चाकू-कात्र्यांची दुकानं आणखीही आहेत, पण शाहपूरकडचा माणूस घडीचा चाकू घ्यायला निघाला की त्याचे पाय नंदकुमारच्या दुकानाकडेच वळणार. आता तिथे असं काय सोनं लागलं होतं? माल तोच, जो सगळीकडे. तेच लाकडी मुठीचे, पितळी टोप्यांचे, नखानं पातं उघडायचे चाकू, त्याच कंपनीच्या त्याच खोक्यांतून आलेले. फरक एवढाच, की खोक्यातून काढला आणि गिऱ्हाइकापुढे टाकला, असं नंदकुमार कधी करत नसे. तो पातं उघडायचा, फडक्यानं तेल पुसायचा आणि उजव्या हाताचा अंगठा धारेवरून आडवा फिरवायचा. आडवा, बरं का. उभा फिरवणारा माणूस धार बघत नाही, टाके घालून घ्यायची तयारी करतो.

अंगठा फिरला की नंदकुमार जरा थांबायचा. मग एकतर "हं" म्हणून चाकू मिटून पुढच्या लाकडी फळीवर ठेवायचा, नाहीतर एक शब्द न बोलता बाजूला सारून दुसरा काढायचा. हातात मात्र द्यायचा नाही. चाकू हातोहात दिला की भांडण लागतं, हे त्याला वडिलांनी सांगितलेलं, आणि त्यानं ते गिऱ्हाइकांच्या कानीकपाळी इतकं ओरडून ठेवलं होतं, की केळीच्या शेतात काम करणारी माणसंसुद्धा एकमेकांना चाकू द्यायचा तर आधी मिटून खाली ठेवत आणि मग दुसरा तो उचलून घेई.

"नंदूभाऊचा अंगठा लागलेला आहे," असं कुणी म्हटलं की पुढे चर्चा संपली. काही बाया तर नुसता चाकू मागत नसत, अंगठा लावून द्या म्हणत. नंदकुमार वरून हसायचा, अहो, धार कंपनी लावते, मी काय नुसता अंगठा फिरवतो, असं म्हणायचा. पण आतून त्याला किती गोड वाटायचं ते त्याची बायको शोभा जाणून होती. ती शाळेत मास्तरीण. घरात कुणाचं कौतुक कधी करायचं आणि कान कधी धरायचा हे तिला बरोबर कळे. अंगठ्याच्या बाबतीत तिनं त्याला कधी छेडलं नाही. एकाच गोष्टीवर माणूस उभा असेल तर ती हलवून बघू नये, असं तिचं मत होतं.

बिघडलं ते दिवाळीनंतर.

नव्या मालाची खोकी आली. नंदकुमारनं पहिला चाकू उघडला, अंगठा फिरवला. काही नाही. दुसरा उघडला, तोही तसाच. अख्खं खोकं फळीवर पालथं केलं आणि एकेक चाकू बघत गेला. सगळे बोथट. आधी त्याला नवल वाटलं, मग संताप आला, आणि खरं सांगायचं तर मग थोडा आनंदही झाला. जगाचा माल उतरत चाललाय, हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. आता पुरावाच हाती लागला.

दुकानाच्या पायरीवर रोज टेकणारी मंडळी होतीच. त्यांनी लगेच री ओढली. कुणी म्हणालं लोखंडात भेसळ आहे, कुणी म्हणालं चहापत्तीला रंग लावतात, कुणी म्हणालं अहो, मावा जिलबीत आता मावा कुठे राहिलाय. कंपनीच्या धारेवरून सुरू झालेलं गाऱ्हाणं दुपारपर्यंत सगळ्या बुऱ्हाणपुराला पुरून उरलं. त्यातल्या एकानंही चाकू हातात घेऊन बघितला नाही. कशाला बघेल? नंदूभाऊनं बघितला होता ना!

आता याच दिवसांत आणखी काही गोष्टी होत होत्या, त्या नंदकुमारला दिसत होत्या पण एका ओळीत लागत नव्हत्या. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लागेना. शिंपी हल्ली काजं लहान ठेवतात, असं तो म्हणाला. सुटे पैसे गल्ल्यातून उचलताना निसटून पडत. नाणीच गुळगुळीत काढलीत सरकारनं, असं म्हणाला. सकाळी उठला की उजव्या हाताला मुंग्या आलेल्या असत, तो खूप वेळ हात झटकत बसे. झोपेत दबला असेल, असं म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो. स्वतःचं अंगण वाकडं आहे अशीच आपली खात्री असते.

एकदा शोभानं त्याला स्टीलच्या पेल्यात चहा दिला. तिनं स्वतः तो पदरात धरून आणला होता. नंदकुमारनं पेला बोटांनी लपेटून धरला आणि आरामात फुरका मारला. पोळत नाही का, असं तिनं विचारलं. चहा कोमटच आहे, असं तो म्हणाला. तिनं पेल्याला बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. मग ती जेवणापर्यंत त्याच्या मागे लागली होती, की दवाखान्यात चला, साखर तपासा, गोळ्या आठवेल तेव्हा घेता, हे काही खरं नाही.

"माझा हात आहे," नंदकुमार म्हणाला. "मला कळत नाही?"

आता खरी गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर या माणसाला आपण उगाच भोळा ठरवू. एका दुपारी दुकानात कुणी नसताना त्यानं अंगठा तोंडात घातला आणि हळूच चावला. मग जोरात चावला. कातडीवर दातांच्या खुणा उमटल्या, कळ काही आली नाही. तो त्या खुणांकडे बघत बसला.  तेवढ्यात कुणीतरी कात्री मागायला आलं, तो उठला, कात्री काढून दिली, आणि गिऱ्हाईक जाईपर्यंत त्यानं मनाची समजूतही घालून टाकली. जन्मभर धारेवर फिरलेला अंगठा, कातडी राठ झालीय, एवढंच. दवाखान्यात गेलो तर डॉक्टर काहीबाही रोगाचं नाव सांगेल, आणि त्या नावाचा अंगठा घेऊन दुकानात बसायचं कसं? त्यापेक्षा नकोच ते.

त्यानं दवाखान्याऐवजी कंपनीला फोन लावला. इतका लावला, की शेवटी कंपनीनं आपला विक्रेता इंदूरहून पाठवून दिला. नीलेश नावाचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, बोलायला नम्र माणूस. नीलेशनं नंदकुमारच्याच खोक्यातला चाकू काढला, रद्दीचा कागद हवेत धरला आणि वरून खाली पातं नेलं. कागद आवाज न करता दोन झाला. मग त्यानं समोरच्या भाजीवाल्याकडून टमाटा आणला आणि त्याच्या पारदर्शक चकत्या पाडून दाखवल्या. पायरीवरची मंडळी गप्प झाली.

नंदकुमारला ते गप्प होणं झोंबलं. कागद कापायचा असेल तर कात्री आहे, असं त्यानं सुनावलं. आमचं गिऱ्हाईक टमाटे नाही चिरत, केळीच्या दांड्यातून चाकू ओढतं, चिकात ओढतं. त्यानं चाकू ओढून घेतला, अंगठा फिरवला आणि बोथट म्हणून फळीवर टाकला. नीलेशनं मग स्वतःचा अंगठा जपून धारेला लावला आणि म्हणाला, काका, मला तर चांगली लागतेय.

"तुमचे अंगठे मोबाइलवर घासून घासून गुळगुळीत झालेत," नंदकुमार म्हणाला. "तुम्हाला काय लागणार?"

मंडळी खो खो हसली. नीलेशही कसनुसा हसला, खोकी तशीच ठेवून निघून गेला. त्या हसण्यात नंदकुमारची सरशी झाली आणि तिथेच सगळा घात झाला. कारण संध्याकाळी त्यानं वडिलांचा धारेचा दगड माळ्यावरून खाली काढला. कंपनीला जमत नसेल तर आपण लावू धार, हाय काय अन् नाय काय.

त्या दिवसापासून दुकानातला प्रत्येक घडीचा चाकू दगडावर घासून जाऊ लागला. नंदकुमार घासायचा, अंगठा फिरवायचा, लागत नाही म्हणून पुन्हा घासायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर ओढायचा. कंपनीनं धारेमागे ठेवलेला जाडपणा सगळा झिजून जायचा आणि पातं दाढीच्या पात्यासारखं पातळ व्हायचं. अंगठ्याला काही तरी लागल्याचा भास झाला की तो थांबे. भासच तो. गिऱ्हाइकं परत येऊन सांगत, नंदूभाऊ, यंदा धार काय जबरी लागलीय, आणि नंदकुमारची छाती फुगे. अधूनमधून कुणाच्या बोटाला चिंधी दिसायची. पण आपल्याच चाकूनं आपण कापून घेतलं, हे बाजारात सांगणार कोण? ज्याला त्याला वाटायचं, आपलाच हात वेंधळा.

मालूबाई आली ती होळीच्या सुमाराला. शाहपूरजवळच्या एका केळीच्या पॅकिंग शेडमध्ये ती घडापासून फण्या सोडवायचं काम करी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. त्या कामावर तिनं मुलाला, ललितला, शिकवलं, तो आता शाहपूरलाच मोटार-पंपाच्या दुकानात होता. येताना ती नंदकुमारसाठी पिकलेल्या केळ्यांची एक फणी पिशवीतून आणायचीच. शोभाला ती वहिनी म्हणायची. नंदकुमारच्या जुन्या गिऱ्हाइकांत ती जुनी, आणि तिच्या हातात चाकू असा फिरायचा की बघत राहावं. डाव्या हातानं फणी पेलायची, उजव्या हातानं चाकू दांड्यातून स्वतःकडे ओढायचा, आणि केळ्याला ओरखडासुद्धा न जाता फणी सुटून हातात यायची. जोर किती लावायचा, कुठे आवरायचा, ते हाताला पाठ झालेलं. पण हात शिकला होता तो कंपनीच्या धारेवर, एवढं ध्यानात ठेवा.

जुन्या चाकूचं पातं ढिलं झालं होतं म्हणून तिला नवा हवा होता. नंदकुमारनं तिच्यासाठी मुद्दाम चांगला निवडला. बाहेर बस सुटायची घाई असूनही तिला थांबवून ठेवलं, दगडावर घासला, पट्ट्यावर ओढला, अंगठा फिरवला. काही नाही. पुन्हा घासला. पुन्हा फिरवला. काही नाही. दाताच्या त्या खुणा त्याला आठवल्या, आणि त्यानं तो विचार हातातल्या फडक्यानं पातं पुसता पुसता पुसून टाकला. चाकू मिटला, फळीवर ठेवला.

"अंगठा लागला ना, नंदूभाऊ?" मालूबाईनं विचारलं.

"लागला," तो म्हणाला.

तिनं चाकू उचलून कपाळाला लावला, कमरेच्या पिशवीत खोवला आणि बस गाठायला गेली.

त्यानंतर काही दिवसांनी ललित दुकानात आला. एरवी काका काका करत येणारा तो, त्या दिवशी पायरीवरच उभा राहिला. चेहरा उतरलेला. आईचा डावा हात कापला गेला होता. शेडमध्ये फणी सोडवताना चाकू दांड्यातून सटकन बाहेर आला आणि तळहातात शिरला. दोन बोटं वळवणारी आतली दोरी तुटली. डॉक्टरांनी ती शिवली होती, पण बोटं वळतील की नाही ते आत्ताच सांगता येत नाही म्हणाले. ललितनं खिशातून रुमालात गुंडाळलेला चाकू काढून फळीवर ठेवला. आईनं येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी तो आला होता.

नंदकुमारचं काळीज लक्कन हललं. पण माणसाची जीभ काळजापेक्षा चपळ असते. तो तावातावानं बोलू लागला. बोथट चाकूच दगा देतो. धारदार चाकू कापतो तिथे कापतो, बोथट घसरतो. मी किती सांगितलं कंपनीला, किती फोन केले, तो नीलेश इथे बसून टमाटे कापून गेला. आता सोडत नाही, कोर्टात खेचतो. पायरीवरची मंडळी माना हलवू लागली.

ललित तेवढाच शांत राहिला. तो म्हणाला, की हा चाकू बोथट नाही काका, याला नको तेवढी धार आहे, शेडमधल्या सगळ्यांनी बघितली.

"मला धार शिकवतोस?" नंदकुमारचा आवाज चढला. त्यानं चाकू उचलला, पातं उघडलं, अंगठा धारेवर टेकवला आणि सगळ्यांना दिसावं म्हणून हात वर धरला. बघा, असं म्हणत त्यानं अंगठा फिरवला. हे बघा, काही लागत नाही, म्हणून दाबून फिरवला. आयुष्यभर जे केलं नव्हतं ते त्या भरात त्यानं केलं, अंगठा धारेवरून उभा ओढला, एकदा, दोनदा, आणि तोंडानं कंपनीचा उद्धार चालूच. मंडळींपैकी एकजण उठून उभा राहिला. 

"काका," ललित म्हणाला, "रगत येऊन राहिलंय."

नंदकुमारला वाटलं, पोरगं आईबद्दल बोलतंय. मग त्यानं ललितच्या नजरेच्या मागे जाऊन बघितलं. त्याच्या मनगटावरून, सदऱ्याच्या बाहीतून, कोपरापर्यंत रक्त आलं होतं आणि कोपरावरून फळीवर ठिबकत होतं. अंगठ्याचं मांस फाकलं होतं. तो बघत राहिला. जणू दुसऱ्याच कुणाचा अंगठा होता. त्याला कुठे काही दुखत नव्हतं, आणि ते न दुखणं इतकं भयंकर होतं की त्याला मटकन खाली बसावं लागलं.

ज्याच्या आईचा हात गेला त्या ललितनंच फळीवरचा आपला रुमाल उचलून त्याचा अंगठा बांधला आणि त्याला दवाखान्यात नेलं. शोभा शाळेतून तिथेच आली. डॉक्टरांनी टाके घातले, बोटांना सुई टोचून बघितली, साखर बघितली आणि सांगितलं, की मनगटात नस दबलीय, वर साखरेनं तिची वाट लावलीय. अंगठा आणि शेजारची दोन बोटं केव्हाचीच बधिर असणार. आधी आला असता तर काही करता आलं असतं.  चहाच्या पेल्याची आठवणसुद्धा शोभानं काढली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं नंदकुमारला फार वाटलं.

दोन-तीन दिवस दुकान बंद राहिलं. मग एका सकाळी त्यानं इच्छापूरच्या रस्त्याची बस धरली आणि शाहपूरला मालूबाईच्या घरी गेला. ती ओसरीवर बसली होती, डावा हात पांढऱ्या पट्टीत गळ्यात अडकवलेला. त्याच्या अंगठ्याची पट्टी बघून तिनंच आधी हळहळ केली. सून असती तर चहा केला असता, असं म्हणाली. ललित तुमच्या दुकानात येऊन वेडंवाकडं बोलला असेल तर मनावर घेऊ नका, असंही म्हणाली.

"माह्याच हातानं घात केला, नंदूभाऊ," ती म्हणाली. "चाकूले कायले बोल लावू? तुमचा अंगठा लागेल होता त्याले."

नंदकुमारला वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ही बाई हात गमावून बसली होती आणि शेडभर सांगत सुटली होती की चूक तिची, कारण चाकूला त्याचा अंगठा लागला होता. त्यानं मान वर न करता सगळं सांगितलं. अंगठ्याला दिवाळीपासून काही कळत नव्हतं. कंपनीची धार चांगलीच होती. मीच ती घासून घासून पातळ केली. आणि मला माहीत होतं, मालूताई. चावून बघितला होता मी. माहीत असून तुला लागला म्हणून सांगितलं.

 मालूबाई अंगणात कोंबडी उकरत होती तिकडे बघत राहिली. मग उजव्या हातानं तिनं त्याचा हात ओढून मांडीवर घेतला आणि पट्टीच्या खाली अंगठ्याचं मूळ चिमटीत धरून दाबलं. लागतं का, असं विचारलं. नाही, तो म्हणाला. तिनं नख रुतवलं. आता? त्यानं मान हलवली. तिचे डोळे भरले. ते त्याच्यासाठी भरले की स्वतःच्या हातासाठी, ते तिचं तिलाच ठाऊक. मग तिनं त्याचा हात खाली ठेवला आणि त्याच्याकडे सरळ बघितलं.

"मंग नंदूभाऊ," ती म्हणाली, "असे चाकू आखीन कितीक जणाईले दिले तुम्ही?"

हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. इतके दिवस तो एका हाताबद्दल झुरत होता, फार तर दोन, तिच्या आणि स्वतःच्या. आता ते सगळे त्याच्या डोळ्यांपुढे आले. शेडमधल्या बाया. पानं छाटणारी पोरं. चांदनी गावचे म्हातारे गुरुजी, जे नातवाला पेरू चिरून देतात. कुणाकुणाला दिले याची नोंद कोण ठेवतो? चाकू फळीवर ठेवला, माणसानं उचलला, गेला. नंदकुमार उठला आणि चपला घालू लागला. आज बाजार हाये, सारे तिथीच भेटतीन, एवढंच मालूबाई मागून म्हणाली.

शाहपूरचा बाजार त्या वेळी भरात आला होता. नंदकुमार गर्दीत शिरला आणि दिसेल त्या ओळखीच्या माणसाला धरून सांगू लागला, की माझ्याकडून यंदा चाकू घेतला असेल तर परत द्या, बदल्यात खोक्यातला कोरा देतो. लोक हसले. कुणाला वाटलं थट्टा करतोय. कुणाला वाटलं कंपनीनं नंदूभाऊवर काहीतरी दडपण आणलंय, आणि ते त्याची बाजू घेऊन कंपनीला शिव्या देऊ लागले. एक बाई तर कमरेवर हात ठेवून चाकू सांभाळतच पुढे गेली. जन्मभर कमावलेलं नाव आता आडवं आलं होतं. त्या नावापायी कुणी चाकू सोडेना.

कौतिक भेटला. थोडी केळी, थोडा कापूस करणारा, पिकल्या मिशांचा माणूस, नंदकुमारचं जुनं गिऱ्हाईक. त्यानं तर बंडीच्या खिशातून चाकू काढलाच, पण परत द्यायला नाही.

"वापस कायले, नंदूभाऊ? याले तुमचा अंगठा लागेल हाये," तो म्हणाला. "आता आलेच हा, त एकडाव अजून लावून द्या."

आणि मिटलेला चाकू त्यानं शेजारच्या केळ्यांच्या हातगाडीवर रीतीनं ठेवला, नंदकुमारनं उचलावा म्हणून.

नंदकुमारनं तो उचलला नाही. त्यानं उजवा हात वर केला आणि दातांनी पट्टीची गाठ सोडली. पट्टी खाली पडली. टाक्यांनी शिवलेला, काळानिळा अंगठा सगळ्यांना दिसेल असा त्यानं धरला. मग तो मोठ्यानं बोलला.

"हा अंगठा मेलाय. याला काही कळत नाही. दिवाळीपासून मी तुम्हाला मेलेला अंगठा लावून चाकू दिले. मालूबाईचा हात माझ्यामुळे गेलाय, तिच्यामुळे नाही."

आजूबाजूचा भाव-ताव थांबला. मागची माणसं पुढच्यांना काय झालं म्हणून विचारू लागली. कौतिकनं एकदा अंगठ्याकडे बघितलं, एकदा नंदकुमारच्या तोंडाकडे. मग त्यानं स्वतःच गाडीवरचा चाकू उचलला, पातं उघडलं आणि नंदकुमार करायचा तसाच अंगठा धारेवर आडवा टेकवला. नुसता टेकवला. चटका बसल्यासारखा त्याचा हात मागे आला. त्यानं अंगठा तोंडात धरला, आणि त्याचा चेहरा कळवळून वाकडा झाला.

त्या कळेकडे नंदकुमार बघत राहिला. एवढ्या माणसांत आपली अब्रू गेली याचं दुःख त्याला त्या क्षणी झालं नाही. त्याला कौतिकचा हेवा वाटला.

कौतिकनं चाकू मिटला आणि गाडीवर ठेवला. या वेळी तो परत उचलायला थांबला नाही. त्याच्या मागची बाई पदराखाली हात घालून आपला चाकू चाचपू लागली.